शिष्यवृत्तीचे ऋण : बाबासाहेबांनी घेतले कसे आणि फेडले कसे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तीत परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर लेख असणारच. बाबासाहेबांचं चरित्र आपल्याकडे कोणाला माहीत नाही? चवदार तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, राज्यघटना, नागपूरची दीक्षा हे तर आपली लहान पोरंही घडाघडा सांगतात. म्हणून या लेखात सगळं चरित्र सांगण्याचा आमचा विचार नाही. आम्ही एकच धागा धरणार आहोत आणि तो म्हणजे शिष्यवृत्तीचा. एका गरीब विद्यार्थ्याला शिकायला मदत मिळाली. तो शिकला, मोठा झाला. मग त्या मदतीचं ऋण त्यानं कोणाला आणि कसं फेडलं? आज आपल्या वस्तीत घरटी एक तरी पोरगं किंवा पोरगी शिष्यवृत्तीवर शिकलेली आहे. त्यामुळे हा प्रश्न इतिहासातला राहत नाही, तो आपल्या दारात येऊन उभा राहतो.

चर्नी रोडच्या बागेतला मुलगा

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर पुढे मुंबईला आले. परळच्या चाळीतली एकच खोली. त्यातच चूल, त्यातच सरपण, त्यातच सगळ्यांचं झोपणं. भीमरावाचा अभ्यास व्हावा म्हणून सुभेदार त्याला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उठवत. पोराला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसा नसला, तर लग्न झालेल्या लेकींकडं जाऊन त्यांचा दागिना मागून आणत आणि तो गहाण ठेवत. बाबासाहेबांची पहिली शिष्यवृत्ती जर कोणती असेल तर ती बापाची ही धडपड, असं आम्हाला वाटतं.

भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत एका बाजूला बसून वाचत राहायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे गृहस्थ येत असत. ते विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. शिवछत्रपतींचं आणि गौतम बुद्धांचं मराठी चरित्र लिहिणारे ते हेच केळुसकर गुरुजी. रोज एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी चौकशी केली, ओळख झाली. मुलगा अस्पृश्य समाजातला आहे हे समजल्यावरही गुरुजींनी पाठ फिरवली नाही. ते त्याला पुस्तकं देऊ लागले, वाचावं कसं ते सांगू लागले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. त्या काळी आपल्या समाजात ही केवढी मोठी गोष्ट होती! त्याचं अभिनंदन करण्यासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावाला भेट दिलं. पुढे १९५६ साली नागपुरात जे घडलं, त्याचं एक बीज त्या दिवशी मुलाच्या हातात पडलं.

मॅट्रिकनंतर कॉलेज आलं. इंटरपर्यंत कसंबसं निभावलं आणि पुढे पैशाची ओढ लागली. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराज यांनी होतकरू अस्पृश्य विद्यार्थ्याला मदत करण्याचं जाहीर केलेलं होतं. गुरुजींनी ती गोष्ट धरून ठेवली आणि भीमरावाला घेऊन महाराजांसमोर गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचं समाधान झालं आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्रा. मुल्लरही पुस्तकं देत, कपडे देत. एकीकडे ही माणुसकी आणि दुसरीकडे त्याच कॉलेजातला उपाहारगृहवाला या विद्यार्थ्याला चहापाणीही देत नव्हता! अशा परिस्थितीत १९१२ मध्ये भीमरावांनी बी.ए.ची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले.

आता इथं क्षणभर थांबून विचार करू. केळुसकर गुरुजी काही धनवान नव्हते. त्यांनी आपल्या खिशातून भीमरावाची फी भरली नाही. त्यांनी तीन गोष्टी केल्या. मुलगा ओळखला, त्याला पुस्तक दिलं आणि जिथं मदत होती तिथं त्याला स्वतः घेऊन गेले. पैसा महाराजांच्या तिजोरीत होता, पण ती तिजोरी आणि तो मुलगा यांच्यामध्ये एक माणूस उभा राहिला, म्हणून पैसा मुलापर्यंत पोचला.

बडोद्याचा करार

बी.ए. झाल्यावर भीमराव जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ झाल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. घराचा आधार गेला. पण त्याच वर्षी महाराजांनी उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला विद्यार्थी पाठवायचे ठरवले आणि त्यात भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि शिक्षण पुरं झाल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची, असा तो करार होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथं कोणी त्यांची सावली टाळत नव्हतं, कोणी वेगळं भांडं ठेवत नव्हतं. प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे नामांकित गुरू मिळाले, जॉन ड्युई यांच्यासारख्या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसायला मिळालं. मिळणाऱ्या पैशातून घरीही काही पाठवावं लागे. इकडे माता रमाई चणचणीत संसार ओढत होत्या आणि तिकडे बाबासाहेब दिवसाचे अठरा अठरा तास वाचत होते. १९१५ साली एम.ए. झालं. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. मग लंडन गाठलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी नाव घातलं. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. महायुद्धाचे दिवस होते. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं निघालं होतं, ती बोटच बुडाली. जिवापाड जपलेली पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली.

करार पाळायचा म्हणून बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला गेले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. पण कचेरीतले शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. प्यायला पाणी मिळेना. राहायला घर कोणी देईना. एका पारशी वसतिगृहात कसाबसा आसरा मिळाला, तर काही दिवसांतच काठ्या घेऊन माणसं दारात आली आणि त्यांना बाहेर काढलं. कोलंबियाचा विद्वान शहरातल्या बागेत झाडाखाली बसून रडला. शेवटी मुंबईची गाडी धरण्याशिवाय मार्ग राहिला नाही.

म्हणजे बघा, कराराप्रमाणे दहा वर्षं नोकरी करून ऋण फेडायचं होतं, पण ज्या शहरात ते फेडायचं त्या शहरानं डोक्यावर छप्पर दिलं नाही. दोष बाबासाहेबांचा नव्हता आणि मदत करणाऱ्या महाराजांचाही नव्हता. दोष होता जातीचा. सयाजीरावांचे उपकार मात्र बाबासाहेब कधी विसरले नाहीत. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला, तेव्हा शिक्षणाला केलेल्या मदतीची आठवण ठेवून त्यांनी तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

पण ग्रंथ अर्पण करून ऋण फिटतं का? बाबासाहेबांनी ते दुसऱ्याच रीतीनं फेडायला घेतलं होतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना परत करता आलं नाही, म्हणून जे मागून येत होते त्यांना द्यायला सुरुवात केली.

विद्यार्थ्यांसाठी छप्पर, पुस्तक आणि पैसा

१९१८ ते १९२० बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगारातून पैसा साठवला, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. एम.एस्सी., बॅरिस्टर, डी.एस्सी. अशा पदव्या घेऊन १९२३ साली परतले. मनात आणलं असतं तर कुठलीही मोठी नोकरी पत्करून सुखानं राहता आलं असतं. पण पुढच्याच वर्षी, म्हणजे २० जुलै १९२४ रोजी, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेनं सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. सभेचं सुरुवातीचं हे काम ध्यानात घेण्यासारखं आहे. ज्याला बडोद्यात छप्पर मिळालं नाही, त्यानं आधी पोरांच्या डोक्यावर छप्पर घातलं! मुंबईत सभेनं वाचनालय चालवलं, विद्यार्थ्यांसाठी मासिक काढलं, हॉकीचा संघसुद्धा उभा केला.

१४ जून १९२८ रोजी दलित वर्ग शिक्षण संस्था स्थापन झाली आणि वसतिगृहांचं काम पार धारवाडपर्यंत पोचलं. धारवाडच्या वसतिगृहात मुलं उपाशी राहू नयेत म्हणून माता रमाईंनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या, ही आठवण आपल्या घराघरांत आजही सांगितली जाते. सुभेदारांनी लेकींचे दागिने गहाण टाकले होते ते एका भीमरावासाठी. रमाईंच्या आठवणीत तोच दागिना परक्या लेकरांसाठी पुढे येतो.

१९३५ ते १९३८ बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरकारला एक मोठं निवेदन दिलं. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार दर साल तीन लाख रुपये देतं, मग अस्पृश्यांच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी का नाही, असा त्यांचा रोख होता. नुसतं बी.ए., एलएल.बी. होऊन भागायचं नाही, आपली पोरं विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकली पाहिजेत, परदेशीही गेली पाहिजेत, हे त्यांनी मांडलं. या प्रयत्नातून वर्षाला तीन लाखांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि काही विद्यार्थी विलायत-अमेरिकेलाही गेले. स्वतः एका राजाच्या मर्जीनं शिकलेल्या माणसानं पुढच्या पिढीसाठी ती गोष्ट हक्काची केली. राजाची मर्जी आज असते, उद्या नसते. सरकारी शिष्यवृत्ती कोणाच्याही पोराला मागता येते.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. दिवसभर कचेरीत कारकुनी करणाऱ्या तरुणांनाही शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले. सकाळी कॉलेज आणि नंतर नोकरी असं करून पदवीधर झालेली कितीतरी माणसं आपल्यात होऊन गेली. बाबासाहेबांनी आपल्या प्राणाहून प्रिय ग्रंथांपैकी मोठा भाग या कॉलेजला दिला. विद्यार्थ्यांना बोलायची, वाद घालायची सवय लागावी म्हणून तिथं विद्यार्थी संसद भरत असे. देशाचे कायदामंत्री असताना १९५० साली बाबासाहेब स्वतः त्या पोरांच्या संसदेत गेले आणि हिंदू कोड बिल त्यांना समजावून सांगितलं. दिल्लीत कामाचा डोंगर असताना त्यांनी कॉलेजच्या मुलांसाठी वेळ काढला, हे आपल्यातल्या कामात गुंतलेल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

त्याच वर्षी औरंगाबादला कॉलेज सुरू झालं. तेच आपलं मिलिंद महाविद्यालय आणि तोच नागसेनवनाचा परिसर. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या गरीब पोराला पदवीपर्यंत शिकणं फार अवघड होतं. त्याच्यासाठी हे दार उघडलं. नावातच केवढा अर्थ आहे बघा. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हे उत्तर देणारे भन्ते. विद्यार्थ्यानं मिलिंदासारखं न भिता विचारावं आणि गुरूनं नागसेनासारखं न कंटाळता सांगावं, असा बोध आम्ही त्या नावातून घेतो. पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट घेऊन आलेले डॉ. म. ना. वानखडे मिलिंदमध्ये आले आणि तिकडच्या काळ्या लेखकांचं साहित्य त्यांनी इथल्या मुलांना उलगडून दाखवलं. गंगाधर पानतावणे यांनी अस्मितादर्शच्या पानांवर नव्या लिहिणाऱ्या पोरांना जागा दिली. ही माणसं शिकून वर गेली आणि मागच्यांना हात द्यायला पुन्हा खाली वाकली.

आग्र्याचं दुःख

एवढं सगळं केल्यावर बाबासाहेबांना समाधान मिळालं का? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला त्यांचं भाषण झालं. प्रकृती ढासळलेली होती. त्या सभेत त्यांनी मनातली खंत उघडी केली. शिकलेले लोक समाजाची सेवा करतील अशी आशा त्यांनी धरली होती. पण पाहावं तर कारकुनांची गर्दी जमलेली आणि जो तो आपलं पोट भरण्यात गुंग, असं ते दुःखानं बोलले. शिकलेल्यांनी धोका दिला, ही त्यांची वेदना होती. नऊ महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

ही गोष्ट सांगून नोकरदारांना शिव्या देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आम्हाला ते पुरतं पटत नाही. घरातला पहिला शिकलेला माणूस म्हणजे सगळ्या खानदानाचा आधार. गावचं घर, बहिणीचं लग्न, भावाचं शिक्षण, वर कर्जाचा हप्ता. त्याच्या हाती महिनाअखेर काय उरतं ते त्यालाच माहीत. पण म्हणून आग्र्याच्या अश्रूंचं उत्तर द्यायचं राहूनच जावं का? इथं पुन्हा केळुसकर गुरुजींकडे पाहावं. त्यांनी पैसा दिला नव्हता. वेळ दिला, पुस्तक दिलं आणि मुलाला योग्य दारापर्यंत नेलं. एवढं तर आपल्यातला प्रत्येक पदवीधर करू शकतो.

आपल्या वस्तीत काय करता येईल

आजही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, परदेशी शिक्षणाच्या केंद्राच्या आणि राज्याच्या योजना आहेत. धर्मांतरानंतर गेलेल्या सवलती महाराष्ट्रात १९६० साली मिळाल्या आणि १९९० च्या दुरुस्तीनं केंद्राच्याही मिळाल्या. पण तिजोरी आणि पोरगं यांच्यामधली जागा अजून रिकामी राहते. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं यातलं एक जरी चुकलं तरी अर्ज अडकतो. अर्ज अडकला की कॉलेज फी मागतं. फी नाही म्हणून पोरगं लाजेनं कॉलेजात जायचंच सोडतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी कळत नाही, विचारायला कोणी नाही, म्हणून हुशार पोर नापास होतं. आईबापांना यातलं काही सांगता येत नाही, कारण त्या वाटेनं ते गेलेलेच नाहीत. जो त्या वाटेनं गेला आहे, त्यालाच खाचखळगे माहीत असतात.

म्हणून आमची विनंती अशी की आपल्या वस्तीतल्या प्रत्येक शिष्यवृत्तीधारक पदवीधरानं कॉलेजात शिकणारं एक पोर आपलं मानावं. एकच, पण पदवी हातात येईपर्यंत. रविवारी वंदना झाल्यावर तासभर विहारात बसावं. त्याचा अर्ज एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. आपली जुनी पुस्तकं रद्दीत न घालता त्याला द्यावीत. मुलाखतीला जाण्याआधी त्याला चार प्रश्न विचारावेत. नापास झालं तर रागवायच्या आधी त्याच्या घरी चहाला जावं. मुलींच्या बाबतीत तर शिकलेल्या भगिनींनी पुढं यायला हवं, कारण होस्टेलला पाठवायचं की लग्न लावायचं या वादात आईच्या बाजूनं बोलणारी ताई लागते. आणि ज्याला हात दिला त्याच्याकडून एकच वचन घ्यावं, की तोही पुढे एकाला हात देईल.

भगवान बुद्धांनी दानाला फार मोठं स्थान दिलं आहे. आपण विहाराला दान देतो, भोजनदान करतो, ते चांगलंच आहे. त्यात या तासाभराच्या दानाची भर पडली तर विहाराची वास्तू खऱ्या अर्थानं भरेल. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचणारा मुलगा एका शिक्षकाला दिसला, म्हणून आपल्याला बाबासाहेब मिळाले. आज आपल्या चाळीच्या जिन्यात, बाहेरच्या दिव्याखाली कोण वाचत बसलंय, ते येता-जाता बघत जावं आणि त्याच्याजवळ दोन मिनिटं थांबावं.

सर्वांना वर्धापनदिनाच्या मंगल कामना. नमो बुद्धाय! जयभीम!